शेरा कॉलेजला, व्हिसा आपला!

'इन्स्पेक्शन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? शाळेत असताना भिंतींना नवा रंग, फळ्याच्या कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात सुविचार, आणि साहेब वर्गात शिरले की सगळ्यांनी एका सुरात 'गुऽऽड मॉर्निंग सर'! कॉलेजात आलो तर तेच, फक्त नाव बदललं. आता नॅकची टीम येते. फायलींचे गठ्ठे बाहेर निघतात, नोटीस बोर्ड नवे होतात, लायब्ररीत अचानक गर्दी वाढते. दोन-तीन दिवस गेले की सगळं पूर्ववत. त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की इन्स्पेक्शन म्हणजे मॅनेजमेंट आणि साहेब लोक यांचा आपसातला मामला. आपला त्याच्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि तो थेट पासपोर्टपर्यंत जातो. काही देशांत शाळा-कॉलेजच्या तपासणीत काय शेरा मिळाला, यावर त्या संस्थेला परदेशी विद्यार्थी घेता येतील की नाही हे ठरतं. म्हणजे तपासणी कॉलेजची, शेरा कॉलेजला. पण व्हिसा मिळणार का, आणि मिळालेला टिकणार का, हा प्रश्न मात्र आपला.

मी स्वतः डहाणूची, मावशी तलासरीला. २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत आली, २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, आणि हळूहळू आमच्याकडच्या मुलांच्या तोंडीही 'इन्टेक', 'ऑफर लेटर', 'आयईएलटीएस' हे शब्द यायला लागले. परदेशी शिक्षण आता फक्त पुण्या-मुंबईच्या मुलांची गोष्ट राहिलेली नाही. पण घरात याआधी कुणी गेलेलं नसलं की विचारायचं कुणाला? मग एजंट सांगेल ते प्रमाण! म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मध्येमध्ये इंग्रजी शब्द येतील, चालवून घ्या.)

आधी घरचं उदाहरण

इंग्लंड-अमेरिकेकडे जाण्याआधी आपल्याच भागात बघू. तलासरी तालुक्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे नव्वद टक्के लोक आदिवासी आहेत. पाड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत केंद्रप्रमुख येतात, विस्तार अधिकारी येतात, वर्ग बघतात, मुलांना चार प्रश्न विचारतात आणि शेरेबुकात शेरा लिहितात. २०१५ मध्ये देशपातळीवर 'शाळासिद्धी' हा मूल्यमापनाचा कार्यक्रमही सुरू झाला. पण समजा शेरा वाईट आला, तर पाड्यावरच्या मुलीचा प्रवेश थांबतो का? नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत शिकायचा हक्क दिला आहे. इथे शेऱ्याचा परिणाम शाळेवर होतो, मुलाच्या प्रवेशाच्या हक्कावर होत नाही.

आता दुसरा प्रकार बघा. डहाणूला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची एक योजना या कार्यालयामार्फत चालते, ती म्हणजे आदिवासी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या 'नामांकित' निवासी शाळांत शिकवण्याची. शाळा खासगी, फी सरकार भरतं, मूल वसतिगृहात राहतं. पण शाळेनं स्वतःच्या जाहिरातीत 'नामांकित' लिहिलं म्हणून ती नामांकित होत नाही. तिथले वर्ग, वसतिगृह, शिक्षक, सोयी यांची पाहणी होते आणि मगच या मुलांना घेण्याची मान्यता मिळते. मान्यता गेली, तर तिथे असलेल्या मुलांचं दुसऱ्या शाळेत 'समायोजन' करावं लागतं.

समायोजन! फाइलीत लिहायला किती सोपा शब्द. पण ते मूल सात-आठ वर्षांचं असतं. घरी वारली बोलणारं, आधीच एका अनोळखी शहरात, अनोळखी जेवणाला आणि अनोळखी भाषेला कसंबसं सरावलेलं. त्याला पुन्हा बॅग भरून तिसऱ्याच गावी जायचं. त्याच्या हातून काही चुकलेलं नसतं. चुकलेलं असतं ते शाळेचं, म्हणजे मोठ्या माणसांचं.

हे उदाहरण नीट लक्षात ठेवा, कारण परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसाचं गणित बरंचसं असंच आहे. शाळा असणं वेगळं, शाळा चांगली असणं वेगळं, आणि 'बाहेरून पाठवलेली मुलं' घ्यायची परवानगी असणं आणखी वेगळं.

व्हिसा ऑफिसर कॉलेज बघायला जात नाही

साधा विचार करा. तुम्ही इंग्लंडच्या व्हिसासाठी अर्ज केलात. तुमचा अर्ज तपासणारा अधिकारी ते कॉलेज बघायला स्वतः जातो का? तिथे खरोखर वर्ग भरतात का, शिक्षक आहेत का, की एखाद्या चिकन शॉपच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक पाटी आहे, हे त्याला कसं कळणार? म्हणून सरकार दोन गोष्टी करतं. एक, कॉलेजला 'स्पॉन्सर' म्हणून परवाना घ्यायला लावतं. आणि दोन, कॉलेजात प्रत्यक्ष जाऊन आलेल्या तपासणी संस्थेच्या अहवालाचा आधार घेतं.

ब्रिटनमध्ये २००९ च्या मार्चमध्ये विद्यार्थ्यांसाठी पॉइंट्सवर आधारलेली 'टिअर फोर' ही पद्धत सुरू झाली. त्या काळात तिथे 'बोगस कॉलेज' हा मोठा विषय झाला होता. वर्ग भरत नव्हते, पण व्हिसासाठी पत्रं मात्र दिली जात होती. मग २०११ मध्ये सरकारनं नियम आवळले. परदेशी विद्यार्थी घ्यायचे असतील तर सरकारमान्य तपासणी संस्थेकडून शिक्षणाच्या दर्जाची तपासणी करून घ्या, नाहीतर परवाना विसरा! याला तिकडे 'एज्युकेशनल ओव्हरसाइट' म्हणतात. आपण मराठीत 'शैक्षणिक देखरेख' म्हणू.

ही देखरेख सगळ्यांसाठी एकच संस्था करत नाही. विद्यापीठांचं एक खातं, खासगी शाळा-कॉलेजांचं दुसरं. बऱ्याच खासगी शाळा आणि कॉलेजांची तपासणी 'इन्डिपेन्डन्ट स्कूल्स इन्स्पेक्टोरेट' करते, तर काहींची 'ऑफस्टेड' हे १९९२ मध्ये स्थापन झालेलं सरकारी खातं. आणखी एक गंमत म्हणजे शाळकरी मुलांसाठी जो 'चाइल्ड स्टुडंट' व्हिसा आहे, तो फक्त फी घेणाऱ्या खासगी शाळांपुरता आहे. सरकारी खर्चाच्या शाळेला ऑफस्टेडचा कितीही चांगला शेरा असला, तरी ती या व्हिसावर परदेशी मूल घेऊ शकत नाही. म्हणजे चांगला शेरा एकटा पुरत नाही, संस्थेचा प्रकारही बघितला जातो.

थोडक्यात, संस्थेकडे तीन वेगवेगळे कागद असू शकतात:

१. नोंदणीचा कागद: कंपनी किंवा संस्था म्हणून सरकारदरबारी नाव आहे. याचा शिक्षणाशी किंवा व्हिसाशी काहीही संबंध नाही.

२. तपासणीचा कागद: शिकवणं, सोयी, मुलांची सुरक्षितता यांवर तपासनीसांनी दिलेला शेरा.

३. स्पॉन्सरचा परवाना: गृहखात्यानं दिलेली, परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी.

दुसऱ्याशिवाय तिसरा मिळत नाही वा टिकत नाही. पण दुसरा आहे म्हणून तिसरा असेलच असं नाही. आणि पहिल्याच्या जोरावर तर काहीच होत नाही. एजंट लोक नेमका पहिला कागद दाखवून तिसऱ्याचे पैसे घेतात!

'गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड' म्हणजे काय रे दादा?

माझ्या मावसभावाचंच सांगते. तो बी.ई. झालेला, वापीच्या एका कंपनीत नोकरीला. तलासरीहून रोज हायवेनं ये-जा. त्याला इंग्लंडला एम.एस्सी. करायचं होतं. एका एजंटानं (नाव सांगत नाही) तिथल्या एका कॉलेजचं ऑफर लेटर आणून दिलं. रंगीत, जाड कागद, खाली मोठा नंबर आणि शब्द: 'गव्हर्न्मेंट रजिस्टर्ड'. मावशी आणि काका कर्जासाठी बँकेत विचारून आले. पहिला हप्ता आठवड्याभरात भरायचा होता.

त्या रविवारी मी तलासरीला गेले होते. दादा म्हणाला, "तुझं इंग्लिश चांगलं, जरा हे वाचून बघ." मी वाचलं. तो नंबर कंपनी नोंदणीचा होता. आपल्याकडे कुणी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली की तिला नंबर मिळतो ना, तसाच. ब्रिटनचं गृहखातं परवानाधारक स्पॉन्सर संस्थांची यादी सगळ्यांना बघता येईल अशी प्रसिद्ध करतं. ती यादी आम्ही फोनवर उघडली. कॉलेजचं नाव सापडलं नाही. स्पेलिंग बदलून पाहिलं, गाव बदलून पाहिलं. नाहीच.

एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, "ते एका युनिव्हर्सिटीचे पार्टनर आहेत." असं असू शकतं. अशा वेळी स्पॉन्सर युनिव्हर्सिटी असते आणि वर्ग पार्टनर कॉलेजात भरतात. म्हणून दादानं एकच प्रश्न लेखी विचारला: व्हिसासाठी लागणारं 'कॅस', म्हणजे प्रवेशाच्या खात्रीचं पत्र, नेमकी कोणती संस्था देणार? या प्रश्नाचं लेखी उत्तर शेवटपर्यंत आलं नाही. हप्ता भरला नाही, पण एजंटाची 'प्रोसेसिंग फी' गेली ती गेलीच. मावशी म्हणाली, "एवढ्यात घरावर नवे पत्रे पडले असते." पुढच्या इन्टेकला दादानं आधी यादी बघितली आणि मग अर्ज केला.

लंडन मेट: अभ्यासक्रम खरा, तरी व्हिसा गेला

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, बोगस कॉलेजांपासून लांब राहू, मोठ्या विद्यापीठात जाऊ, मग कशाची भीती? तर ही २०१२ ची गोष्ट ऐका.

लंडन मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटी हे सरकारी अनुदान घेणारं, हजारो विद्यार्थ्यांचं खरंखुरं विद्यापीठ. २०१२ च्या ऑगस्टअखेर ब्रिटनच्या सीमा खात्यानं त्याचा परदेशी विद्यार्थी घ्यायचा परवानाच रद्द केला. प्राध्यापक शिकवत नव्हते असा आरोप नव्हता. मुद्दा वेगळाच होता. तपासणीसाठी काढलेल्या १०१ विद्यार्थ्यांच्या नमुन्यात २६ जण देशात राहायची परवानगी नसताना शिकत असल्याचं खात्यानं सांगितलं. इंग्रजीच्या परीक्षेचे कागद आणि हजेरीच्या नोंदी यांतही त्रुटी दाखवल्या.

परिणाम कुणावर? दोन हजारांहून जास्त परदेशी विद्यार्थ्यांवर. ज्यांचे कागद चोख होते, फी भरलेली होती, हजेरी पूर्ण होती, त्यांच्यावरही. साठ दिवसांत दुसरं विद्यापीठ शोधा नाहीतर देश सोडा, अशी टांगती तलवार डोक्यावर आली. काही जणांचा तर शेवटचा वर्ष-प्रोजेक्टच राहिला होता. विद्यापीठ कोर्टात गेलं आणि खऱ्या विद्यार्थ्यांना ते शैक्षणिक वर्ष पूर्ण करायची मुभा मिळाली. २०१३ च्या एप्रिलमध्ये परवाना परतही मिळाला. पण ते काही आठवडे त्या मुलांनी कसे काढले असतील? वडिलांनी जमीन गहाण टाकली असेल तर घरी फोनवर काय सांगितलं असेल?

यातून एक गोष्ट कळते. संस्थेची तपासणी दोन बाजूंनी होते. एक शिक्षणाची: कसं शिकवता? दुसरी व्हिसाची: ज्यांना बोलावलंत ते आले का, वर्गात बसतात का, कोर्स पूर्ण करतात का? दोन्हींत पास व्हावं लागतं.

दुसऱ्या तपासणीचे आकडे ठरलेले आहेत. २०१४ पासूनच्या नियमानुसार, एखाद्या संस्थेनं पत्र दिलेल्या अर्जांपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त व्हिसा नाकारले गेले तर परवाना धोक्यात येत असे. व्हिसा मिळालेल्यांपैकी किमान ९० टक्क्यांनी प्रवेश पक्का करायला हवा होता, ८५ टक्क्यांनी कोर्स पुरा करायला हवा होता. २०२५ च्या मे महिन्यातल्या श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारनं हे तिन्ही आकडे पाच-पाच टक्क्यांनी आणखी कडक करण्याचं जाहीर केलं.

आता आपल्या इंजिनिअरच्या डोक्यानं विचार करा. हा टॉलरन्स आहे. शंभर पार्ट पाठवले, त्यात दहा रिजेक्ट झाले, तर व्हेंडरचं नाव काळ्या यादीत! म्हणूनच विद्यापीठं हल्ली ऑफर देण्याआधी व्हिडिओवर मुलाखत घेतात, बँकेची स्टेटमेंट्स मागतात, 'हाच कोर्स का?' असं उलटसुलट विचारतात. तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे, तर तुमचा व्हिसा नाकारला गेला की त्यांचा एक पार्ट रिजेक्ट होतो म्हणून. आणि एखादा खोटं स्टेटमेंट जोडून अर्ज करतो, तेव्हा तो फक्त स्वतःचं नुकसान करत नाही. त्याच्या मागून अर्ज करणाऱ्या खऱ्या मुलांची वाटही तो अरुंद करतो.

अमेरिकेची तऱ्हा

आपल्या ब्रँचमधली जास्त मुलं अमेरिकेची स्वप्नं बघतात, म्हणून तिकडचंही पाहू. तिथे एफ-वन व्हिसावर विद्यार्थी घ्यायला संस्थेकडे गृहसुरक्षा खात्याचं प्रमाणपत्र लागतं. ते असेल तरच ती आय-ट्वेंटी नावाचा फॉर्म देऊ शकते. शिक्षणाचा दर्जा तपासायचं काम मात्र सरकार स्वतः करत नाही. त्यासाठी वेगळ्या ॲक्रेडिटेशन संस्था आहेत, आणि त्या संस्थांना शिक्षण खातं मान्यता देतं. म्हणजे तपासनीसांचाही तपासनीस!

२०११ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला. दीड हजारावर विद्यार्थी, त्यातले बहुतेक भारतीय, विशेषतः तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले. काही मुलांच्या पायात इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले गेले आणि आपल्याकडे वर्तमानपत्रांत 'रेडिओ कॉलर' म्हणून त्यावर गदारोळ झाला. संस्थेच्या प्रमुखाला २०१४ मध्ये सोळा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. पण मुलांची वर्षं आणि फी कोण परत देणार?

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. शिक्षणानंतर नोकरीसाठी 'ओपीटी' मिळते आणि आपल्यासारख्या तांत्रिक पदवीवाल्यांना ती वाढवून घेता येते. ही वाढ मिळायची असेल तर पदवी ॲक्रेडिटेड संस्थेची असावी लागते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं 'एसीआयसीएस' या ॲक्रेडिटेशन संस्थेचीच मान्यता काढून घेतली. तिच्या भरवशावर असलेल्या कॉलेजांतल्या परदेशी विद्यार्थ्यांची मोठी पंचाईत झाली. कॉलेज तेच, वर्ग तेच, पण तपासनीसाची सही चालेनाशी झाली.

शेरा चांगला, पण आत वर्ग कुठे आहेत?

मग चांगला शेरा दिसला की डोळे मिटून जावं का? मुळीच नाही.

याच एसीआयसीएसनं साउथ डकोटातल्या रेगन नॅशनल युनिव्हर्सिटीला मान्यता दिली होती. २०२० मध्ये 'यूएसए टुडे'च्या पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा तिथे ना विद्यार्थी सापडले ना प्राध्यापक! त्याहून विचित्र गोष्ट डेट्रॉइटजवळच्या 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन'ची. हे विद्यापीठ अमेरिकी सरकारच्याच गुप्त अधिकाऱ्यांनी उभं केलेलं होतं, एजंट आणि व्हिसाचा गैरवापर करणारे पकडायला. मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्याचं नाव होतं, वेबसाइट होती, लोगो होता. नव्हते ते फक्त वर्ग. २०१९ च्या जानेवारीत सुमारे १३० विद्यार्थ्यांना अटक झाली, जवळजवळ सगळे भारतीय. त्यांपैकी कोण जाणूनबुजून गेला आणि कोण फसला यावर वाद झाला. पण एक साधा प्रश्न प्रत्येकाला विचारता आला असता: पहिल्या सेमिस्टरचं टाइमटेबल कुठे आहे?

दुसरीकडे, एका शब्दाचा शेरा माणसांवर किती भारी पडतो हेही पाहायला हवं. इंग्लंडमध्ये ऑफस्टेड पूर्वी सबंध शाळेला एका शब्दात तोलत असे. २०२३ च्या जानेवारीत एका मुख्याध्यापिकेनं आत्महत्या केली आणि तिच्या शाळेला मिळालेल्या शेऱ्याचा त्यात वाटा होता, असा निर्णय चौकशीत आला. त्यानंतर २०२४ च्या सप्टेंबरपासून सरकारी शाळांना असा एका शब्दाचा शेरा देणं बंद झालं. म्हणून अहवाल बघताना वरचा शब्द किंवा अक्षर बघून थांबू नका, आतली पानं वाचा.

आमच्या डहाणूत याचं मला एक सुंदर उदाहरण दिसतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली: 'कुरणशाळा'. इमारत नाही, बाकं नाहीत, घंटा नाही. तेव्हाच्या कुठल्या तपासणीच्या फॉर्ममध्ये कुरणाला गुण मिळाले असते? आणि तरीही ती खरी शाळा होती. फार्मिंग्टनकडे सगळे कागद होते आणि शाळा नव्हती. कोसबाडकडे शाळा होती, फॉर्मचे रकाने मात्र तिच्यासाठी बनलेले नव्हते. म्हणजे शेरा लागतोच, पण शेरा म्हणजे शाळा नव्हे.

आपलं कॉलेजही कुणासाठी तरी 'परदेश' आहे

आता आरसा आपल्याकडे वळवू. आपल्या देशातही परदेशी विद्यार्थी येतात. नेपाळ-भूतानच्या विद्यार्थ्यांना व्हिसा लागत नाही, पण टांझानिया, सुदान, बांगलादेश इथल्यांना लागतो. इंजिनिअरिंग कॉलेजला परदेशी नागरिकांच्या जागांसाठी एआयसीटीईची मान्यता लागते. यूजीसीनं २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांना मंजूर जागांच्या वर २५ टक्क्यांपर्यंत जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी ठेवायची मुभा दिली. सहा महिन्यांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्यानं १४ दिवसांत नोंदणी करायची असते, आणि संस्थेनं त्याची माहिती सरकारला द्यायची असते.

आणि शेरा? २०१८ मध्ये केंद्र सरकारनं 'स्टडी इन इंडिया' हा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा संस्था निवडल्या त्या एनआयआरएफची क्रमवारी आणि नॅकचे गुण पाहून. नॅकसाठी सुरुवातीची अट होती ४ पैकी किमान ३.२६, म्हणजे 'ए प्लस'. बंगळूरला मुख्यालय असलेली नॅक ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली, तेव्हा कुणी कल्पनाही केली नसेल की तिचं अक्षर दार-एस-सलाममधल्या एखाद्या मुलीच्या निर्णयाचा आधार बनेल.

पण २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयनं नॅकच्या एका तपासणी समितीतल्या सदस्यांना चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक केली. बातमी वाचून आपण 'असंच चालतं' म्हणून सोडून दिली असेल. पण त्या मुलीचा विचार करा. तिच्या वडिलांकडे आपलं कॉलेज येऊन बघायला ना पैसे आहेत ना वेळ. तिला दिसतं ते फक्त अक्षर. आमच्या मावशीला ऑफर लेटरवरचा नंबर दिसला, तसंच.

म्हणून मला वाटतं की नॅकची टीम विद्यार्थ्यांना भेटते, तेव्हा पाठ केलेली उत्तरं देऊ नयेत. प्रॅक्टिकल होतात का, हॉस्टेलला पाणी येतं का, तक्रार केली तर कुणी ऐकतं का, हे जसं आहे तसं सांगावं. चांगलं असेल तर चांगलं. आपल्या एका खोट्या 'येस सर'वर कुणीतरी पासपोर्ट काढणार आहे.

जाण्याआधी एवढं बघाच

१. यादी स्वतः बघा. ब्रिटनसाठी गृहखात्याची स्टुडंट स्पॉन्सरची यादी, अमेरिकेसाठी गृहसुरक्षा खात्याची प्रमाणित संस्थांची यादी, कॅनडासाठी 'डेझिग्नेटेड लर्निंग इन्स्टिट्यूशन'ची, ऑस्ट्रेलियासाठी 'क्रिकॉस'. सगळ्या फुकट बघता येतात. एजंटानं पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे यादी नव्हे.

२. नाव, गाव आणि कॅम्पस जुळवा. एकाच नावाच्या दोन संस्था असतात. मुख्य कॅम्पसला परवाना आहे म्हणजे तुमच्या शाखेला आहेच असं धरू नका.

३. व्हिसाचं पत्र कोण देणार हे लेखी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

४. तपासणीचा अहवाल वाचा. तारीख बघा, कुणी केली ते बघा, त्या तपासनीस संस्थेला सध्या मान्यता आहे का तेही बघा. चार वर्षांपूर्वीचा 'उत्कृष्ट' हा आजचा 'उत्कृष्ट' नसतो.

५. पैसे परत मिळायचे नियम आधी वाचा. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून 'ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस' आहे. कॉलेज बंद पडलं तर ती विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा किंवा न शिकवलेल्या भागाची फी मिळवून देते. सगळ्या देशांत अशी सोय नाही.

६. शिकणाऱ्या विद्यार्थ्याशी बोला. टाइमटेबल मागा. वर्ग आठवड्यातून किती दिवस भरतो ते विचारा.

एवढं करायला एक संध्याकाळ पुरते. यादीतलं इंग्रजी घरच्यांना वाचता येत नसेल, तर तुम्ही त्यांच्याजवळ बसून मोठ्यानं वाचून दाखवा. कर्जाच्या कागदावर सही त्यांची असणार आहे, तेव्हा कोणत्या कागदाचा अर्थ काय हे सहीच्या आधी त्यांना कळायलाच हवं.